तीन पावले आणि दहा विजारी : डच वारशाचे अमेरिकन विडंबन व भीमथडीचा बळीराजा

१

अठराव्या शतकाच्या आरंभीच्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांविषयी जे विवेचन आले आहे, त्यात इंग्रज, फिरंगी, फरांसीस यांच्याबरोबर वलंदेजांचेही नाव येते. हे लोक व्यापाराच्या निमित्ताने येतात खरे, परंतु त्यांची खरी दृष्टी भूमीवर असते. म्हणून त्यांना जागा देताना सावध राहावे, असा त्या विवेचनाचा आशय आहे. वलंदेज म्हणजे डच. वेंगुर्ल्याला १६३७ पासून त्यांची वखार होती. मराठी मुलखात त्यांची सत्ता वखारीपलीकडे गेली नाही. याच सुमारास अटलांटिकच्या पलीकडे, हडसन नदीच्या मुखाशी, त्यांनी आपली एक वसाहत उभारली होती. १६६४ मध्ये इंग्रजांनी ती घेतली व ‘न्यू ॲम्स्टरडॅम’चे ‘न्यूयॉर्क’ झाले. १६७३ मध्ये ती काही महिने पुन्हा डचांकडे आली आणि १६७४ मध्ये कायमची गेली.

सत्ता गेली तरी वारसा राहतो. भाषा, आडनावे, सणवार आणि शेतजमिनीची मालकी या रूपांनी तो पुढील राजवटीत टिकून असतो. अमेरिकन वाङ्मयाचा आरंभ ज्या थोड्या ग्रंथांपासून मानला जातो, त्यांपैकी वॉशिंग्टन अर्व्हिंग (१७८३–१८५९) याचे लेखन याच वारशावर उभे आहे. त्याने डच राजवटीचा लटका इतिहास लिहिला आणि हडसन खोऱ्यातील डच गावांच्या लोककथा रचल्या. या लेखनाचा परामर्श घेताना टीकाकार बहुधा त्यातील विनोदाची जात सांगतात, त्याच्या भाषेचे लालित्य दाखवितात आणि थांबतात. परंतु पायउतार झालेल्या राजवटीचे विडंबन करणारा लेखक त्या राजवटीतील कोणत्या गोष्टींचा वारसा पुढे नेतो आणि कोणत्या गोष्टी हसण्याच्या ओघात पुसून टाकतो, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

या प्रश्नाचे उत्तर केवळ अर्व्हिंगच्या ग्रंथांतून मिळत नाही. त्यासाठी तुलनेला दुसरे उदाहरण हवे. तसे उदाहरण मराठीत आहे. जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ (१८७३) हाही एका बुडालेल्या राज्याचा उपरोधपूर्ण इतिहास असून त्याचाही आधार लोककथा हाच आहे. या ग्रंथामागील शेतकरी-जीवन ज्या प्रदेशांत स्पष्टपणे पाहावयास मिळते, त्यांत पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या तालुक्यांचे स्थान विशेष आहे. या दोन ग्रंथांना समोरासमोर ठेवले असता विनोद आणि वारसा यांचा संबंध उलगडण्यास मदत होते.

२

अर्व्हिंगचा ‘न्यूयॉर्कचा इतिहास’ १८०९ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला. त्यापूर्वीच, ऑक्टोबरात, न्यूयॉर्कच्या एका सायंदैनिकात एक जाहिरात आली होती. जुना काळा कोट आणि तिकोनी टोपी घातलेले डीड्रिख निकरबॉकर नावाचे एक वृद्ध गृहस्थ आपल्या बिऱ्हाडातून नाहीसे झाले आहेत, त्यांचा ठावठिकाणा कोणास ठाऊक असल्यास कळवावा, असा तिचा मजकूर होता. पुढे खाणावळीच्या मालकाच्या नावे दुसरी सूचना आली. गृहस्थ परतले नाहीत, मात्र त्यांच्या खोलीत एक हस्तलिखित सापडले आहे, आणि थकलेली बाकी वसूल करण्यासाठी ते छापून विकावे लागेल, असे तीत म्हटले होते. हे सारेच कल्पित होते. गावाने ते खरे मानले आणि पुस्तक येण्यापूर्वीच त्याचा लेखक प्रसिद्ध झाला.

या युक्तीत केवळ जाहिरातबाजी नाही. ज्याच्या तोंडून इतिहास वदवायचा तो माणूसच हरवलेला आहे, आणि जो समाज वर्णायचा तोही हरवलेला आहे. निकरबॉकर हा डच न्यूयॉर्कचा शेवटचा बखरकार म्हणून अवतरतो. तो विद्वत्तेचा आव आणतो. सृष्टीच्या उत्पत्तीपासून प्रारंभ करतो, ग्रंथकारांची नावे घेतो, आणि अखेर व्हॅन ट्विलर, कीफ्ट व स्टायव्हेसंट या तीन गव्हर्नरांच्या कारकिर्दींवर येतो. पहिला स्थूल व निद्राळू, दुसरा चिडखोर व घोषणापत्रांनी लढाया जिंकू पाहणारा, तिसरा लाकडी पायाचा हट्टी योद्धा. समकालीन वाचकांना दुसऱ्या चित्रात अध्यक्ष जेफर्सनची छाया दिसली, ती अकारण नव्हती. जुन्या राजवटीच्या आडून नव्या राजवटीवर बाण सोडण्याचा हा उपरोधाचा जुना मार्ग आहे.

या ग्रंथातील एक प्रसंग प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मध्यवर्ती होय. डचांनी मूळ रहिवाशांकडून जमीन कशी मिळविली, हे निकरबॉकर सांगतो. एका माणसाच्या विजारीखाली झाकेल एवढीच जमीन द्यावी, असा सौदा ठरतो. मूळ रहिवाशांना कमरेच्या लहानशा वस्त्रापलीकडे काही ठाऊक नसते. मग टेन ब्रोक नावाचे गृहस्थ पुढे येतात. अर्व्हिंगने या आडनावावर ‘दहा विजारी’ असा श्लेष केला आहे. त्यांच्या अंगावरून एकाखाली एक घातलेल्या विजारी कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या निघत जातात, आणि त्या अंथरल्यावर संपूर्ण शहराची जागा त्यांच्याखाली येते.

हा प्रसंग अर्व्हिंगने शून्यातून निर्माण केलेला नाही. बैलाच्या कातड्याएवढी जमीन मागून, ते कातडे बारीक वाद्यांत कापून नगर वसविण्याइतकी जागा व्यापणारी राणी डायडो प्राचीन भूमध्य सागराच्या परिसरात प्रसिद्ध आहे. अल्प मापाने विशाल भूमी बळकावण्याची कथा अनेक देशांच्या लोकवाङ्मयात आढळते. भारतात तिचे सर्वांत परिचित रूप वामनाच्या तीन पावलांचे आहे. म्हणजे ‘गुलामगिरी’ आणि ‘न्यूयॉर्कचा इतिहास’ यांचा मिलनबिंदू केवळ उपरोध हा नाही. दोन्हींच्या मुळाशी एकच लोककथाबंध आहे. त्या बंधात दोन पक्ष असतात : मापणारा आणि ज्याचे मापले जाते तो. लेखक कोणत्या पक्षाच्या बाजूने हसतो, यावर विनोदाची दिशा ठरते.

अर्व्हिंग मापणाऱ्याला हसतो हे खरे. परंतु त्याचे हसू टेन ब्रोकच्या स्थूलतेवर आणि पोशाखावर खिळून राहते. फसवणुकीने जमीन गेलेले लोक आश्चर्याने पाहत उभे राहतात आणि कथेतून निघून जातात. कीफ्टच्या कारकिर्दीत, १६४३ मध्ये, पॅव्होनिया येथे आश्रयास आलेल्या मूळ रहिवाशांची डच सैनिकांनी कत्तल केली. त्या घटनेची दाहकता ‘चिडखोर विल्यम’च्या गमतीदार चित्रात कोठेही उतरलेली नाही.

येथे एक अपवाद नोंदविणे न्याय्य ठरेल. ग्रंथाच्या पहिल्या भागात, अमेरिकेची भूमी बळकावण्याचा युरोपियनांना कोणता अधिकार होता याची चर्चा करताना, अर्व्हिंग चंद्रावरील लोकांची कल्पना करतो. ते अधिक सुधारलेले लोक पृथ्वीवर उतरतात, येथील माणसांना रानटी ठरवितात आणि त्यांच्याच हितासाठी म्हणून त्यांची भूमी काढून घेतात. या प्रकरणात अर्व्हिंगचे हसू प्रथमच मापले जाणाऱ्याच्या बाजूने येते, आणि संपूर्ण ग्रंथात याहून धारदार स्थळ नाही. मात्र ही धार सिद्धांताच्या चर्चेपुरती राहते. प्रत्यक्ष डच इतिहास सुरू झाल्यावर ती म्यान होते.

३

दहा वर्षांनी, १८१९–२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्केच बुक’मध्ये अर्व्हिंगने निकरबॉकरच्या कागदपत्रांतून मिळाल्याचे सांगून दोन कथा दिल्या. रिप व्हॅन विंकल डोंगरात हडसनच्या खलाशांचे मद्य पिऊन झोपतो आणि वीस वर्षांनी जागा होतो. दरम्यान क्रांती होऊन गेलेली असते. गुत्त्याच्या पाटीवरील राजा जॉर्जच्याच चित्राला निळा कोट चढवून, हातातील राजदंडाच्या जागी तलवार देऊन, त्याखाली जनरल वॉशिंग्टनचे नाव लिहिलेले असते. चेहरा तोच राहतो. राजवट पालटली म्हणजे काय पालटते, या प्रश्नावर इतके नेमके भाष्य मोठमोठ्या इतिहासग्रंथांतही क्वचित आढळते. दुसऱ्या कथेत कनेक्टिकटहून आलेला शाळामास्तर इकबॉड क्रेन, व्हॅन टॅसल या श्रीमंत डच शेतकऱ्याच्या मुलीवर व तितकाच तिच्या बापाच्या शेतीवर लुब्ध होतो. ती शेती विकून पश्चिमेकडील पडीक जमिनी घ्याव्यात अशी त्याची स्वप्ने असतात. शिरविरहित घोडेस्वाराच्या भीतीने तो पळतो, आणि डच गाव आपल्या संथ जीवनात पुन्हा स्थिर होते.

या कथा आज हडसन खोऱ्याच्या डच लोककथा म्हणून ओळखल्या जातात. परंतु रिपच्या निद्रेचे मूळ पीटर क्लाउस या जर्मन दंतकथेत आहे, आणि घोडेस्वाराच्या कथेवरही जर्मन कथांची छाया अभ्यासकांनी दाखविली आहे. म्हणजे परंपरा सापडली त्यापेक्षा ती अधिक रचली गेली. यात लेखकाला दोष देण्याचे कारण नाही. मात्र ज्या ‘वारशा’चा बोलबाला झाला, तो कितपत डच होता, हे विचारणे अवश्य आहे.

वास्तविक डच वारसा दुसरीकडे होता. हडसनच्या काठी ‘पट्रून’ या नावाच्या जमीनदाऱ्या डच काळात निर्माण झाल्या. इंग्रज आले, स्वातंत्र्य आले, तरी त्या टिकल्या. व्हॅन रेन्सेलार घराण्याच्या विस्तीर्ण जमिनीवर हजारो कुळे पिढ्यान्‌पिढ्या खंड भरीत होती. १८३९ मध्ये थकलेल्या खंडाची वसुली सुरू होताच कुळांनी उठाव केला. ते मुखवटे लावून, चिटाचे अंगरखे घालून मूळ रहिवाशांच्या वेषात जमत आणि वसुलीच्या अधिकाऱ्यांना अडवीत. १८४६ च्या राज्यघटनेने अशा सरंजामी खंडपट्ट्यांना पायबंद घातला. डच वारशाचा दुसरा भाग गुलामगिरीचा होता. न्यूयॉर्कमध्ये गुलामगिरी क्रमशः नष्ट करणारा कायदा १७९९ मध्ये झाला, व ती पूर्णतः १८२७ मध्ये संपली. गुलामगिरीविरुद्धची प्रसिद्ध वक्ती सोजर्नर ट्रूथ १७९७ च्या सुमारास याच खोऱ्यात गुलाम म्हणून जन्मली. तिची पहिली भाषा डच होती.

अर्व्हिंगच्या कथांत हे लोक अगदीच नाहीत असे नाही. व्हॅन टॅसलच्या घरी नाच रंगतो तेव्हा शेतावरील निग्रो माणसे दारा-खिडक्यांत दाटीने उभी राहून तो कौतुकाने पाहतात. त्यांची जागा उंबऱ्याबाहेर आहे. कथेला त्यांचे हसरे चेहरे हवे आहेत, त्यांचे बोलणे नको आहे. एका डच-भाषी गुलाम स्त्रीलाही याच खोऱ्याची कथा सांगता आली असती, ही शक्यता निकरबॉकरच्या कागदपत्रांत शिरत नाही.

या लेखनाचा परिणाम काय झाला, हेही पाहण्यासारखे आहे. प्रारंभी डच कुळांतील काही मंडळी रुष्ट झाली. १८१८ मध्ये गुलियन व्हर्प्लांक यांनी न्यूयॉर्कच्या इतिहास-मंडळापुढील भाषणात अर्व्हिंगने पूर्वजांची थट्टा केल्याबद्दल खेद व्यक्त केला. परंतु पुढे निकरबॉकर हे नाव अभिमानाचे झाले, आणि जुन्या डच कुळांनी ते भूषण म्हणून मिरविले. त्या ग्रंथातील चित्रांवरून गुडघ्यापर्यंतच्या ढगळ विजारीला ‘निकरबॉकर्स’ म्हणू लागले. त्याचे संक्षिप्त रूप इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानात आले आणि मराठीत ‘निकर’ होऊन रुळले. डच वसाहतीची मराठी भाषेला मिळालेली ही देणगी ! जमिनीचा सौदा विसरला गेला आणि विजार तेवढी राहिली. उपरोधाने वारसा निरुपद्रवी कसा होतो, याचे यापेक्षा बोलके उदाहरण शोधून सापडणार नाही.

४

आता भीमा, नीरा आणि कऱ्हा या नद्यांच्या प्रदेशाकडे वळावयाचे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात बारामती हे नाव मोरोपंतांशी (१७२९–१७९४) जोडलेले आहे. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने पंत बारामतीस राहिले आणि तेथे त्यांनी महाभारत व भागवतातील कथा आर्यांत बांधल्या. पुराणकथा ही येथे विद्वत्सभेत आणि कीर्तनाच्या फडावर मान पावलेली होती. तीत यमकांची आतषबाजी होती, भक्तीची उत्कटता होती. परंतु कथेतील सत्ताव्यवहाराविषयी प्रश्न विचारण्याचे तिला प्रयोजन नव्हते.

याच परिसरात पुराणकथेचे दुसरेही जीवन चालू होते. सणाच्या दिवशी घरच्या पुरुषांना ओवाळताना शेतकऱ्यांच्या स्त्रिया पीडा टळावी आणि बळीचे राज्य यावे असे मागणे मागतात. पुराणात पाताळी गेलेला राजा येथे धान्याचा आणि न्यायाचा राजा आहे. शेतकऱ्यालाच ‘बळीराजा’ म्हणण्याची वहिवाट या स्मृतीतून आली. पंतांच्या आर्या पोथीत राहिल्या, हे मागणे उंबऱ्यावर राहिले. पहिल्याला ग्रंथकार होता, दुसऱ्याला नव्हता.

या उंबऱ्यावरील मागण्याला एकोणिसाव्या शतकात नवा अर्थ आला, त्याचे कारण जमिनीची मोजणी. १८१८ मध्ये पेशवाई संपली. इंग्रज अमदानीत प्रिंगल यांनी निव्वळ उत्पन्नाच्या अर्थशास्त्रीय सिद्धांतावर शेतसारा बसविला, तो इंदापूरसारख्या अवर्षणी तालुक्याला झेपला नाही. शेते ओस पडली. मग १८३५ मध्ये गोल्डस्मिड व लेफ्टनंट विंगेट यांनी इंदापूरची नव्याने पाहणी केली, आणि १८३६ पासून तीस वर्षांच्या मुदतीचा सौम्य आकार लागू झाला. मुंबई इलाख्यातील रयतवारी मोजणीची पद्धत येथून निघाली व सर्वत्र पसरली. शेताला क्रमांक मिळाला, प्रतवारी ठरली, कागदावर नाव आले. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले. त्या तेजीच्या छायेतच, मुदत संपताच, १८६६–६७ पासून इंदापुरात फेरआकारणी होऊन सारा वाढला. युद्ध संपले, भाव उतरले, सारा मात्र वाढलेला राहिला. सारा भरण्यासाठी कर्ज, कर्जासाठी खत, खतावर हुकूमनामा, अशी साखळी पूर्ण झाली.

१२ मे १८७५ रोजी सुपे येथे, बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या घरांवर गेला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात मोडे, आज ते बारामती तालुक्यात आहे. तेथून हे लोण भीमथडी, इंदापूर, शिरूर आदी भागांत पसरले. या उठावाचे वैशिष्ट्य सरकारी चौकशीतही नमूद झाले : माणसांना इजा करण्यापेक्षा जमावाचा रोख खते, रोखे व हुकूमनामे हस्तगत करून जाळण्यावर होता. कागदाने गेलेली जमीन कागद जाळून परत मिळवावी, ही त्यामागील सरळ समजूत होती. १८७९ मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला तो या घटनांच्या पाठोपाठ. हडसनकाठची चिटाच्या अंगरख्यातील कुळे आणि सुप्याचे शेतकरी यांना परस्परांची वार्ताही नव्हती. पण दोन्ही ठिकाणी झगडा खंड आणि खत यांच्याशी होता.

५

‘गुलामगिरी’ सुप्याच्या उठावापूर्वी दोन वर्षे प्रसिद्ध झाली. म्हणून ती त्या उठावाची प्रतिक्रिया नव्हे. ज्या शेतकरी-मनातून तो उठाव निघाला, त्याच मनाशी ती बोलते, एवढे म्हणता येईल. जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादाच्या रूपाने हा ग्रंथ चालतो. धोंडीबा भाबडेपणाने विचारतो, जोतीराव उत्तर देतात. मत्स्यापासून परशुरामापर्यंतच्या अवतारकथा म्हणजे बाहेरून आलेल्या आक्रमकांनी येथील लोकांचे राज्य कसे घेतले याची बखर होय, असे प्रतिपादन त्यात केले आहे.

या प्रतिपादनाची वाङ्मयीन पद्धती पाहण्यासारखी आहे. जोतीराव पुराणकथेवर अविश्वास दाखवीत नाहीत. ते तिच्यावर शब्दशः विश्वास ठेवून दाखवितात. ब्रह्म्याच्या मुखापासून, बाहूंपासून, मांड्यांपासून व पायांपासून चार वर्ण जन्मले असतील, तर त्या चार ठिकाणी विटाळाचे नियम कसे लागू झाले असतील, याचा ते हिशेब मांडतात. वामनाने एका पावलात पृथ्वी व्यापली असेल, तर त्या पावलाखाली किती गावे चेंगरली असतील, आणि दुसरे पाऊल आकाशात गेल्यावर तेथील ताऱ्यांची काय दाटी झाली असेल, हे ते गंभीर चेहऱ्याने विचारतात. गावकऱ्याच्या व्यवहारबुद्धीला पुराणाच्या भव्यतेपुढे उभे केले की भव्यता आपोआप कोसळते. निकरबॉकर विद्वत्तेचे सोंग आणून इतिहासाला हास्यास्पद करतो. जोतीराव अडाणीपणाचे सोंग आणून विद्वत्तेला हास्यास्पद करतात. दोन्ही उपरोधाच्याच रीती आहेत. दुसरीला मराठी टीकेने त्या नावाने फारसे ओळखलेले नाही.

अर्व्हिंगच्या जाहिरातीशी ताडून पाहण्यासारखे एक स्थळ ‘गुलामगिरी’त आहे. परशुराम हा चिरंजीव मानला जातो. तो जिवंत असलाच पाहिजे, या तर्काने जोतीरावांनी १८७२ च्या ऑगस्टची तारीख घालून त्याला रीतसर पत्र लिहिले आहे. मुक्काम सर्व ठिकाणी, असा पत्ता देऊन त्याने सहा महिन्यांच्या आत हजर व्हावे असे फर्मावले आहे. अर्व्हिंग जो कधी अस्तित्वातच नव्हता त्या म्हाताऱ्याला शोधण्याची जाहिरात देतो, आणि वाचक फसतात. जोतीराव ज्याचे अस्तित्व सर्वांनी मान्य केले आहे त्याला समन्स काढतात, आणि फसवणूक उघड होते. एकाच युक्तीची ही दोन विरुद्ध टोके आहेत. शिवाय समन्स हा ज्या काळात शेतकऱ्याच्या दारी नित्य येणारा व भय उत्पन्न करणारा कागद होता, त्या काळात तो कागद शेतकऱ्याच्या वतीने देवावतारावर बजावला जातो, यातील मार्मिकता इंदापूर-भीमथडीतील कोणाही खातेदारास समजावून सांगावी लागली नसती.

बळीराजाच्या भागात हे सर्व धागे एकत्र येतात. जोतीराव बळीच्या राज्याचा कारभार लोकदैवतांच्या नावांतून उभा करतात. म्हसोबा हा त्यांच्या मते ‘महासुभा’, म्हणजे शेतसाऱ्याची व्यवस्था पाहणारा अधिकारी. जेजुरीचा खंडोबा आणि जोतिबा हेही त्या राज्याचे कारभारी ठरतात. बांधावरचा शेंदूर फासलेला दगड एकदम महसूल खात्याचा माणूस होतो, आणि तोही दयाळू महसूल खात्याचा. १८३६ पासून साखळीने मोजलेल्या व पुन्हा आकार वाढविलेल्या जमिनीवर राहणाऱ्या वाचकाला यातील मर्म कळावे म्हणूनच हा अर्थ योजिला आहे, असे मानण्यास जागा आहे. दहा वर्षांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीरावांनी दर तीस वर्षांच्या पैमाषीतील सारावाढीवर उघड कोरडे ओढले. ‘गुलामगिरी’त तेच दुःख वामनाच्या पावलांतून बोलते.

आणि हा ग्रंथ अर्पण केला आहे तो अमेरिकेतील लोकांना, निग्रो गुलामांना मुक्त करण्याच्या कार्याबद्दल. अर्व्हिंगच्या नाचघरात जे उंबऱ्याबाहेर उभे होते, त्यांच्या मुक्तीच्या दिशेने पुण्याच्या एका लेखकाने अमेरिकेकडे पाहिले. ज्या युद्धाने ती मुक्ती घडविली, त्याच युद्धाच्या कापूस-तेजीने इंदापूरचा सारा चढला, हा इतिहासाचा स्वतःचा उपरोध होय.

६

या तुलनेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, अर्व्हिंग हा कलावंत आहे आणि जोतीराव हे प्रचारक. त्यांना एका तराजूत घालणे रसदृष्ट्या योग्य नव्हे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जोतीरावांच्या भाषेतील व्याकरणदोषांवर जी टीका केली, तिच्या मुळाशी हीच भूमिका होती. यावर असे म्हणता येईल की, निकरबॉकरच्या ग्रंथातही राजकीय हेतू होताच. शिष्ट गद्यात आला म्हणून तो कला ठरावा आणि रांगड्या गद्यात आला म्हणून प्रचार ठरावा, हा निकष वाङ्मयीन नसून सामाजिक आहे. संवादाचा वेग, प्रश्नांतील लटका भाबडेपणा, समन्ससारखी कल्पना ही कौशल्ये निःसंशय वाङ्मयीन आहेत.

दुसरा आक्षेप अधिक बळकट आहे. अर्व्हिंग आपला इतिहास लटका आहे हे वाचकाला कळू देतो. जोतीराव मात्र अवतारांचा आपला उलगडा खरा इतिहास म्हणून मांडतात, आणि तो इतिहास म्हणून टिकण्यासारखा नाही. म्हसोबा-महासुभा ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीस उतरत नाही. हे मान्यच केले पाहिजे. जेथे हसू थांबते आणि कालक्रम सिद्ध करण्याचा आग्रह सुरू होतो, तेथे ‘गुलामगिरी’चे गद्य जड होते, हेही खरे. परंतु ग्रंथाचे सामर्थ्य त्या सिद्धतेवर अवलंबून नाही. बळी ही स्मृती शेतकरी स्त्रियांच्या ओठी आधीपासून होती. जोतीरावांनी ती रचली नाही, तिला अर्थ दिला. उलट रिपची निद्रा परदेशातून आणून डच गावात रुजविली गेली. इतिहासाच्या बाबतीत अर्व्हिंग अधिक प्रामाणिक ठरेल, लोककथेच्या बाबतीत जोतीराव.

यातून निघणारा निष्कर्ष असा. बुडालेल्या राज्याचा वारसा विनोदात दोन प्रकारे उतरतो. एका प्रकारात हसू त्या राज्याला म्हातारे, गोंडस व निरुपद्रवी करते. त्याची पगडी, पाइप, विजार जपली जाते आणि त्याच्या जमीनव्यवहाराचा हिशेब बंद होतो. दुसऱ्या प्रकारात हसू हा हिशेब पुन्हा उघडते. अर्व्हिंगची प्रतिभा पहिल्या प्रकारची आहे, आणि चंद्रवासीयांच्या प्रकरणात दुसऱ्या प्रकाराची शक्यता त्याला दिसली होती, हे त्याचे मोठेपण. ‘गुलामगिरी’ दुसऱ्या प्रकारची आहे. मराठी विनोदाचा इतिहास श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याच्या पोह्यां’पासून मांडण्याची जी रूढी आहे, ती म्हणूनच अपुरी आहे. त्या इतिहासात ‘गुलामगिरी’ला आरंभीचे स्थान दिले पाहिजे, ते विचारग्रंथ म्हणून असलेल्या तिच्या मानापोटी नव्हे, तर उपरोधात्मक गद्य म्हणून तिच्या गुणांसाठी.

आज्ञापत्राने टोपीकरांच्या भूमीवरील दृष्टीविषयी जो इशारा दिला होता, तो राज्यकर्त्यांसाठी होता. लोककथेने तोच इशारा ज्यांची भूमी जाते त्यांच्यासाठी जपून ठेवला : माप कितीही लहान सांगितले, तरी मापणारा कोण आहे हे आधी पाहावे. टेन ब्रोकच्या दहा विजारींवर जग हसले आणि पुढे गेले. वामनाच्या तीन पावलांवर ‘गुलामगिरी’चा वाचकही हसतो, परंतु हसून झाल्यावर पावलांखाली कोणाची जमीन होती, हा प्रश्न त्याच्यापाशी शिल्लक राहतो.